सदाफुलीचा काढा आणि विसरलेलं उत्तर

मधुमेहावर गुणकारी म्हणून नावाजलेली एक वनस्पती प्रयोगशाळेत येते, साखर उतरवण्याच्या परीक्षेत नापास होते आणि त्याच परीक्षेच्या ओघात तिच्यातून कर्करोगावरची दोन बिनीची औषधं निघतात. सदाफुलीची ही हकीकत औषधशास्त्रात नशिबाने लागलेल्या शोधाचा नमुना म्हणून सांगतात, आणि सांगणारा बहुतेक वेळा कर्करोगापाशी येऊन थांबतो. मधुमेहाचं काय झालं, हा मूळ प्रश्न मधल्या मध्ये गळून पडतो. कधी कधी तर उलटाच अर्थ निघतो: ज्या झाडातून इतकं मोठं औषध निघालं, त्याची पानं साखरेवर चालतच असणार. म्हणून हे प्रकरण इथे मधुमेहाच्या बाजूने मांडतो आहे. कर्करोगाचा भाग त्यात येईल, पण साक्षीदार म्हणून.

२५ पानांचं पाकीट

१९५२ मध्ये कॅनडातले डॉक्टर क्लार्क नोबल यांना जमैकाहून टपालाने एक पाकीट आलं. आत सदाफुलीची २५ पानं होती. पाठवणारा त्यांचा एक रुग्ण. इन्सुलिन मिळत नाही तेव्हा जमैकातले लोक या पानांचा काढा चहासारखा पितात, असं त्याने कळवलं होतं. क्लार्क यांनी पाकीट धाकट्या भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे धाडलं. रॉबर्ट हे ऑंटेरिओ प्रांतातल्या लंडन शहरी, वेस्टर्न ऑंटेरिओ विद्यापीठात संप्रेरकांवर संशोधन करत होते.

पाकीट योग्य दारात पडलं होतं. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोमध्ये इन्सुलिनच्या शोधाला लागलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांना मदतनीस म्हणून जे दोन विद्यार्थी मिळणार होते, त्यांतले एक चार्ल्स बेस्ट आणि दुसरे हेच क्लार्क नोबल. आधी कोणी जायचं ते नाणं उडवून ठरलं, असं सांगतात. बेस्ट जिंकले आणि इन्सुलिनच्या इतिहासात जाऊन बसले. रॉबर्ट यांच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते जेम्स कॉलिप, म्हणजे १९२१-२२ च्या हिवाळ्यात इन्सुलिनचा अर्क माणसाला टोचता येईल इतका शुद्ध करणारे. मधुमेहाचा दावा तपासायला याहून जाणती मंडळी सापडणं कठीण होतं. तेव्हा पुढे जे ‘नाही’ आलं, ते कुणा नवख्याचं नव्हे, एवढं लक्षात असू द्या.

पानांच्या काढ्याकडे या लोकांनी लक्ष तरी का द्यावं? कारण १९५२ मध्ये मधुमेहावर तोंडाने घ्यायचं एकही भरवशाचं औषध नव्हतं. ग्वानिडिन या रसायनापासून बनवलेलं सिंथलिन १९२६ साली जर्मनीत आलं होतं, पण यकृताला अपाय करतं म्हणून मागे पडलं. टॉल्ब्युटामाइडच्या गोळ्या यायला आणखी काही वर्षं होती. मेटफॉर्मिनचा रुग्णांवरचा अनुभव ज्याँ स्टर्न यांनी पॅरिसमध्ये प्रसिद्ध केला तो १९५७ साली. तोवर सुई हा एकच मार्ग. पिऊन काम भागवणारी एखादी वनस्पती खरोखर निघाली असती तर ती केवढी मोठी गोष्ट ठरली असती!

शिवाय या झाडाची कीर्ती एकट्या जमैकापुरती नव्हती. सदाफुली मूळची मादागास्करची. गुलाबी किंवा पांढरी पाच पाकळ्यांची फुलं, मधोमध फिकट शीर असलेली समोरासमोरची चकचकीत पानं, तोडलं की दुधासारखा चीक. शोभेचं झाड म्हणून ते उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरलं. फिलिपाइन्स, दक्षिण आफ्रिका, भारत, जमैका अशा एकमेकांपासून लांबच्या मुलुखांत त्याचा मधुमेहावर उपयोग सांगितला जाई. इतक्या ठिकाणचे लोक एकच गोष्ट सांगतात म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं वाटणं साहजिक आहे. मला मात्र हा पुरावा वाटतो तितका भक्कम वाटत नाही. झाड माणसांनीच नेलं, आणि झाडाबरोबर त्याची ख्यातीही नेली असू शकते. मग चार देशांतली साक्ष ही चार साक्षीदारांची न राहता एकाच साक्षीच्या चार नकला ठरते.

लोकांना गुण दिसत होता, तो कुठून?

काढा पिणारे लोक खोटं बोलत होते असं मानायचं कारण नाही. त्यांना गुण दिसत असणार. तो कसा दिसत होता हे समजून घ्यायचं तर तेव्हा साखर कशी मोजत, ते बघायला हवं.

घरी रक्त तपासायचं यंत्र तेव्हा नव्हतं. तपासायची ती लघवी. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे काही थेंब टाकून उकळायचे. साखर नसेल तर रंग निळाच राहतो. थोडी असेल तर हिरवा, मग पिवळा, नारिंगी आणि भरपूर असेल तर विटेसारखा लाल. परीक्षा स्वस्त आणि उपयोगी होती, पण तिच्यात एक खोच आहे. मूत्रपिंडं रक्तातली साखर एका मर्यादेपर्यंत पूर्ण परत शोषून घेतात. ही मर्यादा बहुतेकांत दर डेसिलिटर रक्तामागे १८० मिलिग्रॅमच्या आसपास असते. त्यावरची साखर तेवढी लघवीत उतरते. आता एखाद्याची साखर २१० वरून १७० वर आली तर नळीतला रंग हिरव्या-पिवळ्यावरून थेट निळा होतो. माणूस म्हणणार, साखर गेली. रक्तात मात्र १७० आहे, म्हणजे मधुमेह जागच्या जागी आहे.

आणि २१० चे १७० व्हायला औषध लागतंच असं नाही. मधुमेह कळल्यावर माणूस खाण्यावर ताबा आणतो, गोड सोडतो, चालायला लागतो. काढाही त्याच आठवड्यात सुरू होतो. शिवाय उपाय शोधायला माणूस निघतो तो साखर सगळ्यात चढलेली असते तेव्हा. एखादा ताप किंवा जखम बरी झाली की चढलेली साखर थोडी आपोआप उतरते, आणि त्याचं श्रेय नुकत्याच सुरू केलेल्या काढ्याच्या खात्यावर जमा होतं. आजच्या ग्लुकोमीटरवरही हेच घडतं. यंत्र बदललं, पण बिनतुलनेचा अनुभव अजून तसाच फसवतो. काढा पिणाऱ्याच्या शेजारी, तेवढंच पथ्य पाळणारा पण काढा न पिणारा दुसरा कुणी नसतो.

तोंडातून काहीच नाही, शिरेतून मरण

रॉबर्ट नोबल आणि सहकाऱ्यांनी पानांचा पाण्यातला अर्क केला आणि आधी सरळ प्रश्न सरळ विचारला: प्राण्यांना हा तोंडावाटे दिला तर रक्तातली साखर उतरते का? दखल घेण्याजोगं काही झालं नाही.

मधुमेहापुरतं प्रकरण खरं म्हणजे इथे मिटलं होतं. पण तोंडातून काही होत नाही तेव्हा पचनसंस्था वगळून बघायची, ही औषधशास्त्रातली नेहमीची पुढची पायरी. त्यांनी अर्क शिरेतून टोचला. साखरेबाबत हाती लागण्यासारखं काही आलं नाही. उंदीर मात्र पाच ते सात दिवसांत मरू लागले. शवविच्छेदन केलं तर शरीरात जागोजागी पुवाचे गळू. संसर्ग सुडोमोनास जातीच्या जिवाणूचा, जो धडधाकट प्राण्याचं सहसा फार वाकडं करू शकत नाही.

अर्क दूषित असेल, सुई नीट उकळली नसेल, असं म्हणून हा प्रयोग केराच्या टोपलीत टाकणं सोपं होतं. या मंडळींनी तसं केलं नाही. सुडोमोनासने प्राणी मरतात म्हणजे संसर्गाला अडवणारं काहीतरी ढासळलं असणार, असा तर्क करून त्यांनी उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजल्या. त्या झपाट्याने खाली गेल्या होत्या. अस्थिमज्जा, जिथे या पेशी तयार होतात, तीच दबली होती.

इथे प्रश्न बदलला. साखर उतरवणारं काही शोधायचं होतं. आता पांढऱ्या पेशी पाडणारं काय आहे ते शोधायचं ठरलं. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात, तेव्हा या घटकाचं मोल लगेच कळण्यासारखं होतं. १९५४ मध्ये चार्ल्स बिअर हे रसायनशास्त्रज्ञ या गटात आले. अर्काचे भाग वेगळे करायचे, प्रत्येक भाग उंदराला टोचायचा, पांढऱ्या पेशी मोजायच्या, ज्या भागाने त्या पडतात तो आणखी फोडायचा. या चिकाटीतून एक अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं नायट्रोजनयुक्त रसायन, शुद्ध स्फटिकरूपात हाती आलं. नाव पडलं व्हिन्काल्युकोब्लास्टिन, पुढे सुटसुटीत होऊन व्हिन्ब्लास्टिन. १९५८ मध्ये नोबल, बिअर आणि जे. एच. कट्स यांनी न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या वार्षिकांकात हे काम मांडलं. मधुमेहावरच्या काढ्याबद्दल प्रथम ऐकलं तेव्हा कर्करोग आपल्या मनातही नव्हता, असं त्यांनी त्यात मोकळेपणाने लिहिलं आहे.

त्याच सुमारास इंडियानापोलिसमध्ये एली लिली कंपनीचे गॉर्डन स्वोबोडा वनस्पतींचे अर्क कर्करोगासाठी चाळत होते. सदाफुली त्यांच्याही यादीत होती, आणि तीही मधुमेहाच्या कीर्तीमुळेच. अर्काने ल्युकेमिया झालेल्या उंदरांचं आयुष्य वाढलं. दोन्ही गटांची गाठ पडली, कामाला वेग आला. लिलीत व्हिन्क्रिस्टिन हे दुसरं अल्कलॉइड निघालं. अमेरिकेत व्हिन्ब्लास्टिनला १९६१ मध्ये आणि व्हिन्क्रिस्टिनला १९६३ मध्ये मान्यता मिळाली. लहान मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावरच्या उपचारांत व्हिन्क्रिस्टिन आजही पायाचं औषध आहे, आणि हॉजकिन्स लिम्फोमा या लसीका ग्रंथींच्या कर्करोगावरच्या एबीव्हीडी या चार औषधांच्या संचातला ‘व्ही’ म्हणजे व्हिन्ब्लास्टिन.

ही औषधं करतात काय? पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन बाजूंना खेचली जातात ती ट्युब्युलिन या प्रथिनापासून विणलेल्या सूक्ष्मनलिकांच्या दोरांनी. सदाफुलीची ही अल्कलॉइडं ट्युब्युलिनला चिकटतात आणि दोर विणूच देत नाहीत. पेशी विभाजनाच्या मधोमध अडकते आणि मरते. जिथे विभाजन जोरात चालू असतं तिथे मार जास्त: कर्करोगाच्या पेशी, आणि त्यांच्याबरोबर अस्थिमज्जाही. उंदरांच्या गळवांचा उलगडा इथे होतो. मज्जातंतूंच्या लांबलचक धाग्यांतली ने-आणसुद्धा याच सूक्ष्मनलिकांवरून चालते. म्हणून व्हिन्क्रिस्टिन घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, बद्धकोष्ठ होतो.

मग मधुमेहाचं उत्तर नेमकं काय?

‘सदाफुली मधुमेहावर निरुपयोगी ठरली’ असं एका वाक्यात म्हणून मोकळं होणं अन्यायाचं होईल. उत्तर मर्यादित होतं: पाण्यातला अर्क, प्राण्यांना, तोंडावाटे. बारा गावचं पाणी प्यायलेला वाचक म्हणेल, की अर्क वेगळा केला असता तर? लिलीतल्या लोकांनाही हाच प्रश्न पडलेला दिसतो. १९६४ मध्ये स्वोबोडा आणि सहकाऱ्यांनी एक प्राथमिक अहवाल दिला: सदाफुलीतली काही शुद्ध अल्कलॉइडं, त्यांत कॅथरँथिन, व्हिन्डोलिन, व्हिन्डोलिनिन ही नावं आहेत, उंदरांची साखर उतरवतात. म्हणजे लोकांच्या दाव्यात काहीच तथ्य नव्हतं असंही नाही. झाडात साखरेशी झोंबणारे घटक आहेत.

पण घटक असणं वेगळं आणि पानं चावून साखर आटोक्यात राहणं वेगळं. या दोहोंमध्ये मात्रेची दरी आहे, आणि लोकप्रिय लेखनात तिचा हिशेब जवळजवळ कुणीच करत नाही. करून बघू. मधुमेही केलेल्या उंदरांना पानांचा अर्क देऊन साखर उतरल्याचे प्रयोग त्यानंतर पुष्कळ झाले. त्यांत अर्काची मात्रा सर्रास काहीशे मिलिग्रॅम दर किलो वजनामागे असते. ५०० धरू. उंदराची मात्रा माणसाला लावताना शरीराच्या पृष्ठफळाच्या हिशेबाने तिला साधारण ६.२ ने भागतात. ८० मिलिग्रॅम दर किलो आले. ७० किलोच्या माणसाला रोज साडेपाच ग्रॅमच्या वर अर्क. दहा ग्रॅम वाळल्या पानांतून एक ग्रॅम अर्क निघतो असं मानलं तर रोजची ५५ ग्रॅम वाळलेली पानं, आणि हिरवी मोजली तर त्याच्या चार-पाच पट. सकाळी उपाशीपोटी चार पानं चावणाऱ्याच्या आणि त्या उंदराच्या मात्रेचा एकमेकांशी संबंध नाही. उंदरावरच्या निष्कर्षाचा दाखला चार पानांना लावणं म्हणजे दुसऱ्याच्या परीक्षेतले गुण आपल्या पत्रिकेवर लिहिणं.

हिशेब उलट बाजूनेही करायला हवा, कारण धोका सांगणारेही कमी अतिशयोक्ती करत नाहीत. ‘सदाफुली म्हणजे केमोथेरपी, पान खाल्लंत तर मज्जा संपली’ असंही लिहिलेलं सापडतं. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिन मिळवायला सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात, एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनला सुमारे २,००० किलो. म्हणजे एका ग्रॅम वाळल्या पानामागे हाती लागणारं व्हिन्ब्लास्टिन दोन मायक्रोग्रॅम. लिम्फोमाच्या रुग्णाला एका वेळी शिरेतून दहा मिलिग्रॅमच्या आसपास देतात, म्हणजे दहा हजार मायक्रोग्रॅम. पानात प्रत्यक्षात असलेलं प्रमाण कारखान्यात हाती येणाऱ्यापेक्षा जास्त असतं हे धरूनही अंतर मोठं आहे. त्यात ही औषधं तोंडावाटे नीट शोषली जात नाहीत. म्हणूनच ती शिरेतून द्यावी लागतात. जमैकातले काढा पिणारे लोक नोबल यांच्या उंदरांसारखे पटापट मेले नाहीत, त्याचं कारण या दोन गोष्टींत दिसतं.

मग धोका नाहीच का? आहे. पानात किती अल्कलॉइड आहे ते झाडाच्या जातीवर, वयावर, ऋतूवर आणि वाळवण्याच्या पद्धतीवर बदलतं. झाडात शंभरावर अल्कलॉइडं आहेत आणि सगळी तोंडावाटे निष्प्रभ आहेत असं कुणी दाखवलेलं नाही. मुळांतलं अजमॅलिसिन तर रक्तवाहिन्यांवर परिणाम करणारं म्हणून औषधात वापरलं गेलं आहे. तैवानमधल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये ही वनस्पती पोटात घेतल्यावर अस्थिमज्जा गंभीरपणे दबल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. असे अहवाल थोडे आहेत. पण रोज, वर्षानुवर्षं, मात्रा न मोजता घ्यायची वस्तू म्हटल्यावर थोडे अहवालही दुर्लक्ष करण्यासारखे नसतात.

मधुमेह्याच्या बाबतीत आणखी एक विचित्र योग जुळतो. ज्या दोन ठिकाणी सदाफुलीची अल्कलॉइडं मार देतात, ती दोन्ही मधुमेहात आधीच दुबळी झालेली असतात. साखर चढलेली असली की संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, पायाची जखम चिघळते. आणि वर्षानुवर्षांच्या साखरेने तळपायांचे मज्जातंतू झिजतात. हातापायांना मुंग्या आल्या तर त्या मधुमेहाच्या की पानांच्या, हे डॉक्टरला तपासून सहज सांगता येणार नाही, आणि पानांचा उल्लेखच झाला नाही तर तो विचारही मनात येणार नाही.

वनस्पतींनी मधुमेहाला दिलं ते कसं दिलं

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की वनस्पतींच्या नादी लागणंच फोल. तसं नाही. मधुमेहावरच्या आजच्या औषधांतली दोन मोठी घराणी वनस्पतींच्या वाटेनेच आली. गॅलेगा ऑफिसिनॅलिस या युरोपातल्या झुडपात ग्वानिडिनाच्या कुळातलं गॅलेजिन सापडतं. १९१८ मध्ये ग्वानिडिन प्राण्यांची साखर उतरवतं असं दिसलं, गॅलेजिन माणसांना देऊन पाहिलं गेलं, आणि त्याच कुळात पुढे मेटफॉर्मिन बसलं. ते १९२२ मध्येच डब्लिनला तयार झालेलं होतं, पण मधुमेहात त्याचा उपयोग पस्तीस वर्षांनी झाला. दुसरं घराणं सफरचंदाच्या झाडाच्या सालीतलं. १८३५ मध्ये तिच्यातून फ्लोरिझिन वेगळं केलं गेलं. १८८० च्या दशकात जोसेफ फॉन मेरिंग यांना दिसलं की ते दिल्यावर लघवीतून साखर जाऊ लागते. पोटात ते टिकत नाही आणि आतड्यालाही त्रास देतं, म्हणून शंभराहून अधिक वर्षं ते प्रयोगशाळेतच राहिलं. त्याच्या रचनेवरून बेतलेली, फक्त मूत्रपिंडातल्या, साखर परत शोषून घेणाऱ्या वाहक प्रथिनाला अडवणारी डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं २०१० च्या दशकात बाजारात आली.

या दोन्ही वाटांवर रोग्याच्या पोटात शेवटी जे गेलं, ते मूळ पान किंवा साल नव्हे. गॅलेगाची पानं जनावरांना विषारी; रेणूत बदल केल्यावर विष कमी झालं आणि गुण राहिला. सदाफुलीच्या कॅथरँथिन-व्हिन्डोलिनबाबत तशी वाट पुढे कुणी चालून गेलं नाही. का गेलं नाही, याबद्दल माझा आपला तर्क असा: १९६४ पर्यंत टॉल्ब्युटामाइडच्या जातीच्या गोळ्या रुळल्या होत्या, आणि ज्या झाडातून ल्युकेमियाचं औषध निघतं त्याची पानं साखरेसाठी खर्ची घालायला कोण तयार होणार? गंमत म्हणजे ही दोन्ही अल्कलॉइडं आज भलत्याच कारणाने मोलाची आहेत. झाड स्वतः त्या दोघांना जोडूनच व्हिन्ब्लास्टिन बनवतं. २०२२ मध्ये यीस्टमध्ये जनुकं घालून ही दोन्ही तयार करून घेतल्याचं काम प्रसिद्ध झालं. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिनचा तुटवडा पडून मुलांचे उपचार अडले होते, तेव्हा या कामाची निकड सगळ्यांना कळलेली होती.

हिशेबाची आणखी एक बाजू उघडीच आहे. झाड मादागास्करचं, माहिती जमैकातल्या लोकांची, औषधं आणि त्यांवरचा नफा तिसरीकडचा. जैवविविधतेचा करार १९९२ चा आणि लाभवाटपाचा नागोया करार २०१० चा. दोन्ही इथे फार उशिरा आले.

आज पुन्हा तपासायचं तर

समजा कुणी आज हा दावा माणसांवर नीट तपासायचं म्हटलं. अर्कातली अल्कलॉइडं मोजून ठरवलेली हवीत, निम्म्या लोकांना तसाच दिसणारा बिनऔषधी घोट हवा, आणि मोजमाप तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं, म्हणजे एचबीएवनसीचं. इथवर कुणीही सांगेल. पण सदाफुलीच्या बाबतीत एचबीएवनसीत एक सापळा आहे. हा आकडा लाल पेशींवर चिकटलेल्या साखरेचा असतो, आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात म्हणून तो सरासरी दाखवतो. लाल पेशी लवकर मोडत असतील तर रक्तात कोवळ्या पेशी जास्त, आणि आकडा खोटाच कमी. मज्जा दबून नव्या पेशी कमी तयार होत असतील तर जुन्या जास्त, आणि आकडा खोटाच जास्त. मज्जेला हात लावण्याची क्षमता असलेल्या वनस्पतीचा निवाडा एकट्या एचबीएवनसीवर ठेवता येणार नाही. बोटातून किंवा त्वचेखालच्या सेन्सरने मोजलेली साखर जोडीला हवी, आणि त्याच दिवशी पूर्ण रक्तगणना.

आणि जे लोक आजही पानं घेत आहेत? साखर उतरते आहे असं वाटत असेल तर आधीची गोळी परस्पर बंद करू नये. ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कुठलीही साखर उतरवणारी वस्तू जोडली तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते, तेव्हा तेही डॉक्टरला माहीत असायला हवं. गरोदरपणात आणि कर्करोगाचे उपचार चालू असताना पानं पूर्ण टाळावीत. काही बुरशीविरोधी औषधं, उदाहरणार्थ इट्राकोनॅझोल, व्हिन्क्रिस्टिनचा निचरा रोखून त्याचं विष वाढवतात, तेव्हा तीही चालू असतील तर सांगावीत. रक्ततपासणीच्या कागदावर साखरेच्या ओळीबरोबर एकूण पांढऱ्या पेशी आणि न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) या दोन ओळी बघाव्यात. त्या खाली आलेल्या असतील, किंवा बारीक ताप आणि तोंडातले फोड पुन्हा पुन्हा होत असतील, तर पानं त्याच दिवशी थांबवावीत आणि डॉक्टरांना किती पानं, किती महिन्यांपासून, हे आकड्यांत सांगावं.